बेस गिटार : आधी जुळणी, मग खरेदी

हौसेखातर बेस गिटार वाजविणारी मंडळी भेटली की जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची रूपे निरनिराळी असली तरी मूळ बहुधा एकच असते. घरी एक साधारण प्रतीचे वाद्य आहे, त्याचा नाद मनास येत नाही, बोनसाची किंवा बचतीची थोडी रक्कम हाताशी आहे. तर ती नव्या वाद्यात घालावी, जुन्याचे पिकअप आणि ब्रिज बदलण्यात घालावी, की ॲम्प्लिफायर, पेडल, केबल इत्यादी सरंजामात? त्यात माटुंग्यासारख्या वस्तीत, जिथे दोन बिऱ्हाडांमध्ये एका भिंतीचेच अंतर, खालच्या मजल्यावर दहावीचा विद्यार्थी आणि वरच्या मजल्यावर पहाटे सुब्बुलक्ष्मींचे सुप्रभातम् लावणारे वृद्ध दांपत्य असा शेजार असतो, तिथे हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

माझे मत आरंभीच नमूद करतो. नाद मनास येत नाही अशी तक्रार ज्या वाद्यांविषयी होते, त्यांपैकी बहुतेकांत दोष वाद्याचा नसून जुळणीचा, जीर्ण तारांचा किंवा घरातल्या विजेचा असतो. सबब खर्चाचा क्रम आधी जुळणी, मग तारा, मग वीज, मग ऐकण्याचे साधन आणि सर्वांत शेवटी सुटे भाग अथवा नवे वाद्य असा ठेवावा. दुकानात हा क्रम बहुधा उलटा सांगितला जातो. त्यात दुकानदाराचा फारसा अपराध नाही. जुळणी ही काही त्याच्या कपाटात विक्रीस मांडलेली नसते.

वाद्यास दोष देण्यापूर्वी

लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा अवाढव्य डबल बेसच्या जागी गळ्यात अडकविता येईल असे वाद्य देणे आणि मानेवर पडदे, म्हणजेच फ्रेट, बसवून स्वर अचूक लागण्याची सोय करणे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. तारेची जी ३४ इंचांची, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरची, लांबी त्या वेळी ठरली, ती आजही बहुसंख्य बेस गिटारींत कायम आहे. इतक्या लांब आणि जाड अशा चार तारांचा एकत्रित ताण ७५ किलोंच्या आसपास जातो. त्या ताणाने मान पुढे झुकते. तिला आवरण्यासाठी लाकडाच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई घातलेली असते. आणि ताण व सळई यांच्यातला हा समझोता ऋतुमानाप्रमाणे मोडतो. तो पुन्हा जमवून आणणे म्हणजेच जुळणी, जिला कारागीर सेटअप म्हणतात. ती पुढील क्रमाने करावी. क्रम मोडल्यास आधीचे काम वाया जाते.

१. नव्या तारा चढवून वाद्य सुरात लावा. गंजलेल्या तारांवर केलेली जुळणी टिकत नाही.

२. मानेचा बाक पाहा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडास मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व पडदा यांतली फट तपासा. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी.

३. फट अधिक असल्यास ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कमी असल्यास उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरविता फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा.

४. मग तारांची उंची. सतराव्या फ्रेटपाशी पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत २ ते २.४ मिलिमीटर अंतर बहुतेक हातांना मानवते.

५. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे त्या तारेचे सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे आणा.

६. शेवटी पिकअपची उंची. अखेरच्या फ्रेटवर तार दाबली असता तार आणि पिकअप यांत अडीच-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. चुंबक तारेच्या फार जवळ गेले तर जाड तारेचा स्वर डळमळतो, आणि मालकास वाटते की पिकअपच टाकाऊ आहे.

यांपैकी दुसऱ्या पायरीत पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. वाद्य मांडीवर आडवे उताणे ठेवून मोजू नका, कारण मानेचे वजन तिला निराळ्या दिशेने ओढते. वाजविताना धरतो तसे धरून, खिडकीकडे तोंड करून बसा. पहिल्या फ्रेटवर कापो लावला तर एक हात मोकळा राहतो. फीलर गेज नसल्यास कोणाचेही साधे व्हिजिटिंग कार्ड घ्या. त्याची जाडी आपल्याला हव्या असलेल्या फटीच्या जवळपास असते. कार्ड आठव्या फ्रेटवर तारेखाली सरकवा. तार किंचितही न उचलता ते अडखळत आत गेले तर बाक ठीक आहे. तार वर उचलली गेली तर मान अधिक ताठ आहे. आणि कार्ड सैलपणे हलू लागले, वर-खाली प्रकाशाची रेघ दिसू लागली, तर मान अधिक झुकलेली आहे. सळईची किल्ली मात्र अंदाजाने लावू नये. आशियाई बनावटीच्या वाद्यांना बहुधा मिलिमीटरच्या मापाची आणि अमेरिकन वाद्यांना इंचाच्या मापाची किल्ली लागते. त्यांची अदलाबदल झाली की नटाचे कोने झिजतात आणि मग कुशल कारागिरासही हात टेकावे लागतात. किल्ली फिरविताना नट हटत नसेल तर जोर न लावता तिथेच थांबा. एवढे एक काम कारागिराकडे सोपविण्यात कमीपणा नाही.

मुंबईत ही तपासणी वर्षातून निदान दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीनंतर, व्हावी. लाकडी वाद्यास ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८० टक्क्यांच्या पलीकडे सहज जाते. मान कोणत्या अंगास वाकेल हे ज्या-त्या लाकडावर अवलंबून असते, म्हणून शेजाऱ्याच्या वाद्यास जो इलाज लागू पडला तो आपल्यास पडेलच असे नाही. ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीवर वाद्य टांगू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या ओलावल्या की बदला. फिंगरबोर्डचे लाकूड गडद असेल तर ते शिसव किंवा ऐन असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपला हिंदी शिसव जगभरच्या गिटारींवर चढतो, आणि अलीकडे स्वस्त वाद्यांवर इंडियन लॉरेल म्हणून जे लाकूड येते तो सह्याद्रीत मुबलक वाढणारा ऐनच. हे लाकूड कोरडे दिसल्यास वर्षातून एकदोनदा लेमन ऑइलचे बोट फिरवावे. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल लावू नये, ते पडद्यांच्या कडांशी साचून कालांतराने खवट होते. पॉलिश केलेल्या फिकट मेपलला मात्र कोणतेच तेल लावू नये.

तारा

कमीत कमी पैशात सर्वाधिक फरक पाडणारी गोष्ट कोणती, असे विचाराल तर तारा. चार तारांचे स्वर जाडीपासून ई, ए, डी, जी असे असतात आणि त्यांतली सर्वांत खालची ई सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्यास काय वाजवायचे आहे ते ठरवून तार निवडा :

- निकेलचा मुलामा, गोल वेटोळे : सर्वसाधारण कामासाठी. काय घ्यावे हे ठरत नसेल तर ४५ ते १०५ मापाचा हाच संच घ्या.
- स्टेनलेस स्टील : आवाज झळझळीत. मोहिनी डे यांच्याप्रमाणे अंगठ्याने प्रहार करून वाजविण्याची ओढ असणाऱ्यांना या रुचतील. बोटांना आणि पडद्यांना मात्र जास्त घासतात.
- फ्लॅटवाउंड, अर्थात सपाट वेटोळे : नाद गोल, घुमारा लवकर विरणारा. मोटाउनचे जेम्स जेमर्सन याच वाजवीत आणि त्या शक्यतो बदलीत नसत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचा बेस ऐकून ज्यांना या वाद्याची गोडी लागली, त्यांनी जुन्या हिंदी गाण्यांसाठी एकदा तरी या लावून पाहाव्यात. महाग असतात, परंतु वर्षानुवर्षे टिकतात.
- वरून लेप दिलेल्या तारा : हात घामेजत असतील तर पावसाळ्यात त्यांचा जास्तीचा खर्च वसूल होतो.

तारा चढविताना एक खबरदारी अवश्य घ्या : खुंटीपासून वर १०-१२ सेंटिमीटर तार राखून, आधी ती काटकोनात वाकवून, मगच वाकणाच्या पुढे कापा. न वाकविता कापल्यास आतल्या गाभ्यावरचे वेटोळे सैल होण्याचा आणि तार कायमची बद्द होण्याचा धोका असतो. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. मंद पडलेल्या तारा उकळत्या पाण्यात काही मिनिटे घालून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा चढविल्यास त्यांतला मळ निघतो आणि थोड्या दिवसांकरिता त्यांस तजेला येतो; कार्यक्रम तोंडावर असताना ही युक्ती कामास येते, परंतु त्याच संचावर ती वारंवार करण्यात अर्थ नाही. नामांकित तारांच्या नकला बाजारात पुष्कळ असतात, म्हणून पदपथावरच्या किंवा अनोळखी विक्रेत्याच्या संशयास्पद स्वस्ताईस भुलू नका.

गुणगुण आणि अर्थिंग

दादर-माटुंग्याच्या ज्या इमारती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनेतून उभ्या राहिल्या, त्यांचे जिने रुंद आणि खोल्या हवेशीर आहेत. परंतु अशा जुन्या इमारतींपैकी पुष्कळांतील वायरिंग अनेकदा ठिगळे लावून चालविलेले असते आणि तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थची तार प्रत्यक्षात असतेच असे नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण बेसच्या ई तारेवरील तिसऱ्या फ्रेटच्या जी स्वराला, म्हणजे ४९ हर्ट्झला, अगदी खेटून बसते, त्यामुळे हा उपद्रव बेसवाल्यास इतर वादकांपेक्षा अधिक जाणवतो. त्याचे निदान असे करा :

- तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असेल तर वाद्याचा अर्थ शाबूत आहे. आतल्या पोकळीस तांब्याचा चिकट पत्रा लावून घेतल्यास फरक पडेल.
- आपण खोलीत वळाल तशी ती कमीजास्त होत असेल तर ती सिंगल कॉइल पिकअपची प्रकृती आहे. जॅझ बेसवर दोन्ही पिकअपचे आवाज पूर्ण उघडले की ती बव्हंशी मावळते.
- हात लावताच ती वाढत असेल, किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर वाजविणे तत्क्षणी थांबवा. इथे वाद्याच्या कारागिराचा संबंध नाही. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या.

गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जाणते म्हणविणारे लोकही देतात. तो कदापि मानू नका. एका हातात बेस आणि ओठांशी माइक अशा अवस्थेत, दोन्ही उपकरणांचे अर्थ एकमेकांशी जुळत नसतील तर त्या धक्क्याने माणूस दगावू शकतो.

परदेशातून नातलगांनी आणलेल्या ॲम्प्लिफायरबाबतही असाच इशारा आहे. अमेरिकेतले उपकरण १२० व्होल्टचे असते, आपला पुरवठा २३० व्होल्टचा. मागच्या बाजूची पट्टी वाचल्यावाचून, केवळ पिन बदलून, ते भिंतीत खोवू नका. व्होल्टेज बदलण्याची सोय नसल्यास उपकरणाच्या वॅटहून सढळ क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याची किंमत आणि वजन धरले तर पुष्कळदा इथला ॲम्प्लिफायरच स्वस्त पडतो.

शेजारी, कायदा आणि हेडफोन

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतील वाद्याचा वा ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला असेल तर मर्यादा आणखी कडक होते, आणि शैक्षणिक संस्थांनी गजबजलेल्या माटुंग्यात ही बाब विचारून घेणे इष्ट.

परंतु कायद्याचे माप आणि शेजाऱ्याचे कान यांत एक तफावत आहे, जी बेस वाजविणाऱ्याने ओळखून असावी. हे डेसिबल माणसाच्या कानाच्या संवेदनेस अनुसरून मोजले जातात आणि त्या पद्धतीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. परिणामी, मापक शांत दिसत असतानाही आपली ई तार स्लॅबमधून उतरून खालच्या बिऱ्हाडातल्या मांडणीवरची भांडी थरथरवीत असते. नियमाचा कागद दाखवून हे भांडण जिंकता येईल, परंतु जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाशी ते का जिंकावे? ॲम्प्लिफायर फरशीवर न ठेवता जाड रबराच्या किंवा फोमच्या तुकड्यांवर ठेवा, भिंतीच्या कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नका, आणि रोजचा सराव हेडफोनवर करा.

ऐकण्याच्या साधनांचे पर्याय असे :

- वाद्याच्या जॅकमध्ये थेट खोवायचा छोटा हेडफोन ॲम्प : खर्च कमी, जागा शून्य. नवशिक्याची पहिली खरेदी हीच असावी.
- ऑडिओ इंटरफेस : संगणक असेल आणि ध्वनिमुद्रणाची आवड असेल तर.
- १५ ते ३० वॅटचा सरावाचा ॲम्प्लिफायर : हेडफोनची सोय असलेलाच घ्या.
- १०० वॅटच्या पुढचा : ड्रमवाल्याबरोबर वाजविताना याखाली भागत नाही, परंतु जॅमरूममध्ये तो भाड्यात मिळतोच, घरी ठेवण्याचे कारण नाही.

हेडफोन मात्र कानावर पूर्ण बसणारा आणि खालचे स्वर देणारा हवा. मोबाइलच्या स्पीकरवर आपला बेस ऐकून तो पातळ आहे असा निष्कर्ष काढणारी माणसे मला भेटली आहेत; त्या चिमुकल्या स्पीकरमधून मूळ स्वर निघतच नाही. तसेच साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवू नये. स्पीकरचा पडदा फाटतो.

पिकअप बदलावेत काय?

एवढे सर्व करूनही काही महिन्यांनी, नेमके काय खटकते ते शब्दांत सांगता आले, तरच. “आवाज भारी हवा” ही तक्रार नव्हे. मधले स्वर बँडच्या गलक्यात हरवतात, किंवा एक पिकअप दुसऱ्याहून दुबळे आहे, असे काही बोट ठेवून दाखविता आले तर बदल सार्थकी लागतो. मागविण्यापूर्वी जुन्याची लांबी-रुंदी आणि स्क्रूंची जागा मोजा. पाच तारांच्या वाद्यांत मापे सर्रास भिन्न असतात. जुने पिकअप फेकू नका. वाद्य विकताना तेच पुन्हा बसवून नवे स्वतःकडे ठेवता येतात.

त्याहून स्वस्त दुरुस्ती म्हणजे खरखरणारे पॉट आणि ढिला जॅक बदलणे. त्यासाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठा. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागा. केबलची पाव इंची पिन तिथे पी-३८ या नावाने मिळते. तयार महागड्या केबलपेक्षा चांगली वायर आणि दोन दणकट पिना घेऊन स्वतः डाग देणे मला केव्हाही पसंत.

जड पितळी ब्रिजविषयी फार बोलले जाते. माझ्या कानांस त्याने पडणारा फरक खर्चाच्या मानाने अत्यल्प वाटला. उलट हलक्या खुंट्या, ज्यांची जाहिरात कोणी करीत नाही, त्या लावल्यावर मानेकडे कलणारे वाद्य सरळ राहते आणि डाव्या खांद्याचे दुखणे थांबते.

वाद्य ॲक्टिव्ह असेल तर त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोवलेली असेतोवर ती खर्च होत राहते. वाजवून झाल्यावर केबल काढा. अर्ध्या कार्यक्रमात फाटलेला, चिरका आवाज येऊ लागला तर पिकअपवर संशय घेण्याआधी बॅटरी बदला.

किरकोळ जिन्नस

पट्टा निदान तीन इंच रुंद घ्या. चार-साडेचार किलोंचे वाद्य अरुंद पट्ट्यावर तासभर पेलत नाही. पट्ट्याची टोके निसटू नयेत म्हणून स्ट्रॅप लॉक लावा. क्लिपचा ट्यूनर खालची ई नीट पकडीत नसेल तर बाराव्या फ्रेटवरचा स्पर्शस्वर काढून लावा. नाट्यगृहात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचे असेल तर स्वतःचा डीआय बॉक्स बाळगा. तो असला की बेस थेट मिक्सरमध्ये जातो. पेडलांचा मोह तूर्त आवरा. बॅग मात्र जाड अस्तराची हवी, कारण वाद्याची लांबी सव्वा मीटरच्या जवळपास जाते आणि गर्दीच्या वेळी लोकलने ती नेणे म्हणजे पराकाष्ठाच. शक्यतो दुपारची गाडी आणि लगेजचा डबा पकडा, बॅग पाठीवर न ठेवता पुढे उभी धरा.

नवे किंवा जुने वाद्य घेताना

धोबीतलावच्या जेर महालात, मरीन लाइन्स स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फुर्टाडो हे १८६५ पासून चालत आलेले नाव आहे. अशा ठिकाणी जाऊन दोन-चार वाद्ये हातात धरून पाहिल्याखेरीज पडद्यावरच्या छायाचित्रावर विसंबू नका. हात लहान असल्यास ३० इंची, म्हणजे आखूड मानेचा, बेसही वाजवून पाहा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांचा प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर आखूडच आहे. पाचवी तार गरज पडल्यावर घ्यावी. तिचा खालचा बी सुमारे ३१ हर्ट्झचा. घरच्या साधनांवर तो धड ऐकूही येत नाही.

जुने वाद्य घेताना उजेडी जाऊन एवढे पाहा :

- शिरोभागाकडून मानेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत दिसतात काय? पीळ पडलेली मान कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.
- ट्रस रॉडचा नट दोन्ही दिशांना फिरतो काय? विक्रेता हात लावू देत नसेल तर उत्तर मिळाले असे समजा.
- प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. दोन-तीन फ्रेटांवरच खरखर होत असेल तर पडदे झिजलेले आहेत आणि तो खर्च किमतीतून वजा करा.
- मान जिथे धडास मिळते तिथे चीर आहे काय?
- मूळ बिल मागा. नसेल तर विक्रेत्याचे नाव, पत्ता, सही, वाद्याचा क्रमांक आणि रक्कम यांचा उल्लेख असलेली लेखी पावती घ्या. पुढेमागे माल चोरीचा निघाला तर आपण तो राजरोस घेतला याचा तोच पुरावा.

पावती, तक्रार आणि मुदत

दुकानातून घेतलेल्या मालास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात त्याचा आधार मिळत नाही, हे जुने वाद्य घेताना ध्यानी ठेवा. या कायद्यान्वये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथाच. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी लावल्याने सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. आयात केलेल्या बंद खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असला पाहिजे, आणि त्या किमतीहून अधिक मागता येत नाही.

ऑनलाइन मागविल्यास खोके उघडतानाचे चित्रीकरण करा. मान तडकलेले वाद्य निघाले तर तेवढाच पुरावा हाती राहतो. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. तेवढ्याने न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, आणि तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करा. विक्रेता परगावचा असला तरी आपण जिथे राहता वा नोकरी करता तिथल्या आयोगात अर्ज चालतो, वकील देण्याची सक्ती नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

दुरुस्तीस दिलेल्या वाद्याबाबत पावतीचा आग्रह आपल्याकडे क्वचितच धरला जातो. कारागीर ओळखीचा असला तरी वाद्याचा क्रमांक, सध्या त्यावर असलेले पिकअप व खुंट्या यांची बनावट, करावयाचे काम, ठरलेली मजुरी आणि परत मिळण्याची तारीख एवढा मजकूर कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात, आणि वाद्य हवाली करण्यापूर्वी मोबाइलवर त्याची पुढून, मागून आणि ब्रिजजवळून अशी छायाचित्रे काढून ठेवावीत.